कवटीच्या तळाच्या ग्लोमस गाठी: पार्श्वभूमी

कानामागे खोलवर, मानेची मोठी शीर कवटीतून बाहेर पडते तिथे वाढणाऱ्या, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या ग्लोमस गाठींचा इतिहास फार जुना नाही. त्या ज्या सूक्ष्म पेशीपुंजांतून उगवतात त्यांचे वर्णन १९४१ साली झाले आणि १९४५ मध्ये मध्यकर्णातल्या गाठीशी त्यांचा संबंध जोडला गेला. तोवर कानाच्या पडद्यामागचा लाल गोळा साधा पॉलिप (मांसल वाढ) समजून त्याचा तुकडा घेतला जाई आणि मग रक्त थांबवता नाकीनऊ येत.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये चेहऱ्याची नस (मज्जातंतू) जागेवरून हलवून थेट गाठीपर्यंत पोहोचण्याची पद्धत रूढ झाली. शस्त्रक्रियेपूर्वी गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचे तंत्रही सुधारत गेले. त्या काळात गोव्यातल्या रुग्णाला अशा शस्त्रक्रियेसाठी बहुधा मुंबईचीच वाट धरावी लागे.

खरा वाद तेव्हापासूनचा आहे. गाठ समूळ काढणे म्हणजेच उपचार, असे शल्यविशारदांची एक पिढी मानत आली. परंतु मेंदूशी जोडलेल्या बारा नसांपैकी नववी ते बारावी या चार नसा गाठीला खेटूनच जात असल्याने गाठ गेली तरी आवाज घोगरा होणे, पाण्याचा घोट श्वासनलिकेत जाऊन ठसका लागणे, जीभ एका बाजूला वळणे हे अनेकांच्या वाट्याला आले. उलट, किरणोपचाराने गाठ बहुधा नाहीशी होत नाही, ती नुसती वाढायची थांबते, आणि स्कॅनवर ती तशीच दिसत राहिल्याने या उपचाराला दीर्घकाळ दुय्यम लेखले गेले. हे लेखणे अन्यायाचेच होते, कारण नेमक्या किरणांच्या उपचारानंतर ९० टक्क्यांहून अधिक गाठी आटोक्यात राहिल्याचे अनेक अहवालांत आढळते. गाठ वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढत असेल आणि रुग्ण वयस्क असेल, तर नुसते लक्ष ठेवणे हाही आता मान्य पर्याय आहे.

२००० साली एका जनुकातील दोषाशी या आजाराचा संबंध सिद्ध झाला. हा दोष वडिलांकडून आला तरच सहसा गाठ होते. आईकडून आला तर तो मुलांमध्ये मुका राहतो, पण मुलग्यामार्फत नातवंडांत पुन्हा डोके वर काढू शकतो. त्यामुळे वडिलांकडच्या नात्यागोत्याची चौकशी महत्त्वाची ठरते, आणि अर्धे घराणे मुंबईत, आखातात किंवा पोर्तुगालात स्थिरावलेल्या गोव्यात ती दवाखान्यातल्या एका भेटीत पुरी होत नाही.