जीआय आणि ट्रेडमार्क: कोल्हापुरी चपलेवर हक्क कोणाचा?

जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्रादा या इटलीतल्या फॅशन कंपनीने थेट कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला दाखवल्या, त्यांना म्हटलं मात्र नुसतं लेदर सँडल. आपल्याकडे संताप उसळला, आणि तो रास्तच होता. कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, मग ट्रेडमार्क मोडला म्हणून दावा का लावत नाहीत, असंही कित्येकांनी विचारलं. इथे दोन वेगळ्या हक्कांची गल्लत होते.

ट्रेडमार्क मालकाचा. एखादी व्यक्ती किंवा कंपनी आपल्या मालासाठी नाव नोंदवते. ते विकता येतं, दुसऱ्याला वापरायला देता येतं. कारखाना परराज्यात हलवला तरी नाव सोबत जातं.

जीआय मुलखाचं. कोल्हापुरीला ते २०१९ मध्ये मिळालं, तेही आठ जिल्ह्यांसाठी: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमाप्रश्नावर इतकी वर्षं भांडणारी दोन राज्यं चपलेसाठी एका नोंदणीवर आली, याचं मला फार अप्रूप वाटतं. नोंदणी लिडकॉम आणि लिडकर या दोन्हीकडच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावावर आहे, पण हा हक्क त्यांनाही कोणाला विकता येत नाही. कारण तो मुळात कारागिरांच्या हातातल्या कामावर उभा आहे: बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, तळाला म्हशीचं जाड चामडं, खिळ्याऐवजी चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण. पट्टा, कान, अंगठा आणि वर बारीक वेणी. बेळगाव जिल्ह्यातल्या मदभावीत यातलं कितीतरी काम बायका घरी बसून करतात. कागल तालुक्यातल्या कापशीच्या नावाने तर चपलेचा एक प्रकारच ओळखला जातो.

मग प्रादाला का अडवता आलं नाही? जीआय मुख्यतः नाव राखतो, आणि ते नाव त्यांनी वापरलंच नव्हतं. चपलेच्या घाटाला संरक्षण देणारा डिझाइन कायदा वेगळा आहे. त्याला नवी रचना लागते, पिढ्यान्‌पिढ्यांची चालत नाही. शिवाय भारतातली नोंदणी इटलीत लागू होत नाही. मुंबई उच्च न्यायालयात वकिलांनी प्रादाविरुद्ध जनहित याचिका केली, तीही जुलैत फेटाळली गेली. दाद मागायची तर नोंदणीधारकांनी पुढे यावं, असा न्यायालयाचा रोख होता.

जीआयचा खरा उपयोग घरच्या बाजारात आहे. रेक्झिनची, यंत्रावर चिकटवलेली चप्पल ‘कोल्हापुरी’ म्हणून विकणाऱ्याला तो रोखू शकतो. दोषी ठरल्यास तुरुंगवासाचीही तरतूद आहे. मात्र आठ जिल्ह्यांत राहून चप्पल शिवली की हक्क आपोआप मिळाला, असं होत नाही. कारागिराला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. ती झाली की तो स्वतः दावा लावू शकतो आणि जीआयच्या जोडीला स्वतःच्या दुकानाचा ट्रेडमार्कही घेऊ शकतो. एकाने दुसरा अडत नाही. २०२० मध्ये या अर्जाची फी फक्त १० रुपयांवर आणली गेली. तेव्हा पैशांचा अडसर नाही, अडतं ते कागदपत्रांपाशी. महामंडळांनी हे अर्ज कापशीत, मदभावीत जाऊन, कारागिरांच्या शेजारी बसून भरून घ्यावेत.