मोल आणि कॅपुचिन : नात्याच्या शोधाचा इतिहास

युरोपीय मोल, म्हणजे जमिनीखाली बिळं खणून राहणारा लहानसा सस्तन प्राणी, आणि पांढऱ्या तोंडाचं कॅपुचिन माकड यांची शास्त्रीय नोंद एकाच ग्रंथात झाली, स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसच्या ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीत. सस्तन प्राण्यांचे गट पाडताना लिनिअसचा मोठा भर दातांवर होता. कॅपुचिन ‘प्रायमेट्स’मध्ये गेलं, तेही माणसाबरोबर आणि चक्क वटवाघळाबरोबर. मोल पडला ‘बेस्टिए’ गटात, डुक्कर आणि अंगावर कवच असलेल्या आर्माडिलोच्या शेजारी.

ही मांडणी टिकली नाही. एकोणिसाव्या शतकात मोल कीटकभक्षींच्या गटात आला. हा गट म्हणजे अडगळीची खोलीच होती. लहान अंगाचा, टोकदार नाकाचा, किडे खाणारा जो प्राणी इतरत्र बसेना, तो इथे. आपल्याकडे रात्री भिंतीच्या कडेकडेने पळणारी चिचुंद्रीही यातलीच आणि ती मात्र आजही मोलच्याच गोतात आहे. मूळचे सस्तन प्राणी असेच असावेत, त्यांच्यातून पुढे माकडं निघाली, असं बराच काळ धरून चाललं. म्हणजे मोल मागासलेला, कॅपुचिन पुढारलेलं. यात प्राण्यांच्या अभ्यासापेक्षा माणसाची स्वतःबद्दलची ऐटच मला जास्त दिसते.

डीएनएची तुलना होऊ लागली आणि चित्र फिरलं. आफ्रिकेतला गोल्डन मोल दिसायला तसाच, जमिनीत खणणारा, डोळे कातडीखाली झाकलेले. तो १९९८ च्या सुमारास हत्तीच्या नातेवाइकांत निघाला. २००१ पर्यंत एकूण वंशवृक्षाची नवी मांडणी पुढे आली. तिच्यानुसार खरा मोल गाय, कुत्रा, वटवाघूळ यांच्या शाखेवर आहे, तर कॅपुचिनच्या शाखेवर उंदीर आणि ससा. दोन्ही शाखा साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या असाव्यात. त्यातली कुठलीच दुसरीची पूर्वज नाही.

त्यामुळे आता तुलना कोण वरचं, कोण खालचं अशी न राहता अवयवांवर आली आहे. हातच घ्या. मोलचा पंजा रुंद, तळवा बाहेर वळलेला. अंगठ्यालगत विळ्याच्या आकाराचं जादा हाड असतं. ते बोट नव्हे, मनगटातल्या हाडापासून घडतं आणि माती लोटायला पंजा अधिक रुंद करतं. कॅपुचिनच्या हातात असं जादा काही नाही. पण पनामाच्या हिकारोन बेटावर हीच पांढऱ्या तोंडाची माकडं दगड उचलून कठीण फळं, गोगलगायी आणि खेकडे फोडतात.