टॉरिक लेन्स, कोरडे डोळे आणि नागपूरचा उन्हाळा

चष्म्याच्या नंबरचा कागद कधी नीट बघा. त्यावर एसपीएच (साधा नंबर), सीवायएल (सिलिंडर नंबर) आणि ॲक्सिस (सिलिंडरची दिशा, अंशांत) असे तीन रकाने असतात, आणि आपण बहुतेक जण पहिलाच आकडा लक्षात ठेवतो, "मला मायनस दोन आहे", बस. सीवायएलच्या रकान्यात ०.७५ किंवा त्याहून जास्त लिहिलं असेल तर साध्या कॉन्टॅक्ट लेन्सवर सहसा भागत नाही, टॉरिक लेन्स, म्हणजे सिलिंडर नंबरही भरून काढणारी लेन्स लागते. त्यात डोळे कोरडे असले आणि वर गाव नागपूर असलं की मग बघायलाच नको.

सिलिंडर नंबर म्हणजे काय, तर कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची ती पारदर्शक काच, सगळीकडून सारखी गोल नसते, चमच्याच्या मागच्या बाजूसारखी एका दिशेनं जास्त वळलेली आणि दुसऱ्या दिशेनं जरा चपटी असते. मग प्रकाश एका बिंदूवर जमतच नाही आणि रात्री वर्धा रोडवर समोरच्या गाडीचे लाइट ओढल्यासारखे लांबच लांब दिसतात. जॉर्ज एअरी नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला हा दोष स्वतःच्याच डोळ्यात सापडला आणि १८२५ च्या सुमारास त्यानं त्यावर खास भिंग करून घेतलं. चष्म्यात हे सोपं आहे, फ्रेम नाकावर बसली की काच जागची हलत नाही. लेन्स मात्र डोळ्यावर फिरते.

सगळा घोळ इथंच आहे. टॉरिक लेन्स १० अंश फिरली तर सिलिंडरचा साधारण एक तृतीयांश फायदा जातो, आणि ३० अंश फिरली तर घातली काय न घातली काय, सारखंच. म्हणून कंपन्या लेन्सचा खालचा भाग जरा जाड ठेवतात किंवा वरखाली कडा पातळ करतात, म्हणजे प्रत्येक वेळी पापणी मिटली की लेन्स आपल्या जागी ढकलली जाते. आता पापणीला हे काम नीट करायचं तर लेन्सच्या वर आणि खाली अश्रूंचा पातळ थर हवा, आणि तो थर आधीच जेमतेम, मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतका, त्यात लेन्स मधे घुसून त्याचे दोन करते. थर सुकला की लेन्स चिकटते, पापणीसोबत ओढली जाते, अन् आपण म्हणतो नंबर बदलला वाटतं.

बरेचदा नंबर बदललेलाच नसतो. धूसर दिसलं तर दोन-तीनदा पूर्ण पापण्या मिटून बघा. मिटल्यावर लगेच स्वच्छ झालं आणि काही सेकंदांत पुन्हा धूसर, तर संशय कोरडेपणावर घ्या. मिटताना कधी स्पष्ट कधी अस्पष्ट असं झुलत असेल तर लेन्स फिरतेय. काहीच फरक नाही, कायम तेवढंच धूसर, तर मग नंबर तपासा. ही काही डॉक्टरची तपासणी नव्हे, पण दुकानात जाऊन काय सांगायचं ते तरी कळतं.

"पण माझ्या डोळ्यातून तर पाणी वाहून राहिलं, मग कोरडे काहून म्हणता?" हा प्रश्न हमखास येतो. अश्रूंवर तेलाचा एक थर असतो, पापणीच्या कडेच्या बारीक ग्रंथी तो सोडतात. त्या तुंबल्या की पाणी भराभर उडतं, डोळा चुरचुरतो आणि चुरचुरला म्हणून भसाभस पाणी सोडतो, ते टिकत मात्र नाही. डॉक्टर डोळ्यात पिवळा रंग टाकून थर किती वेळात फाटतो ते बघतात, १० सेकंदांच्या आत फाटला तर प्रकरण कोरडेपणाचं. तेव्हा आधी हा इलाज (कोमट शेक, पापण्यांची सफाई, थेंब) आणि मग लेन्स, हा क्रम उलटा केला की पैसे वाया.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हवा कोरडी ठाक, त्यात स्कूटीवर चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळला तरी डोळे उघडेच. कूलरची हवा ओलसर असते हे खरं, पण तोंडावर सरळ झोत घेऊन झोपलं-बसलं की वारा अश्रू उडवतोच. मिहानच्या, म्हणजे आपल्या विमानतळाजवळच्या आयटी कंपन्यांच्या, ऑफिसात एसी, आणि स्क्रीनकडे बघताना पापण्या निम्म्याहूनही कमी वेळा मिटतात, मिटल्या तरी अर्ध्याच.

लेन्स घेताना "जास्त पाण्याची" म्हणून विकली जाते तिच्याकडे जरा सावधच बघा. ऐकायला गार वाटतं, पण ते पाणी हवेत उडून गेलं की लेन्स तुमच्याच अश्रूंकडून ते भरून घेते. ओटो विख्टर्ले या झेक रसायनशास्त्रज्ञानं १९६१ मध्ये मुलांच्या जोडणीच्या खेळण्यातून घरच्या घरी यंत्र बनवून मऊ लेन्स काढल्या, त्या पाणी धरणाऱ्या प्लास्टिकच्या होत्या. १९९९ मध्ये सिलिकॉन हायड्रोजेल हे लेन्सचं नवं मटेरियल आलं, त्यातून ऑक्सिजन बराच जास्त जातो आणि पाण्यावर तेवढं अवलंबून राहावं लागत नाही. माझं मत विचाराल तर कोरड्या डोळ्यांना सिलिकॉन हायड्रोजेलची डेली टॉरिक, आणि रोज नाही, गरजेच्या दिवशी. महाग पडते खरी, पण रोज नवी असल्यामुळे लेन्सवर थर साचत नाहीत आणि सोल्युशनची भानगडच नाही. डेलीमध्ये सिलिंडरचे पर्याय मात्र मोजकेच मिळतात, म्हणून नंबर जास्त असेल तर मंथली किंवा ऑर्डरची घ्यावी लागते. थेंब प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच, नळाचं पाणी लेन्सला अजिबात नाही, आणि डोळा लाल होऊन दुखला तर लेन्स काढून सरळ डॉक्टरकडे.

यानंही जमलं नाही तर स्क्लेरल लेन्स आहेत, मोठ्या, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणाऱ्या. त्यांच्या पोटात सलाइन भरून घालतात, त्यामुळे कॉर्निया दिवसभर ओला राहतो आणि त्याचा वाकडेपणाही त्या पाण्यानं भरून निघतो. खर्च भरपूर, आणि घालायला आरशासमोर चांगली प्रॅक्टिस लागते.

ट्रायल लेन्स दिली की दुकानातल्या एसीत दहा मिनिटं बसून "छान दिसतंय" म्हणू नका. घालून बाहेर फिरा, दुपारी चारला स्क्रीनवरचे बारीक आकडे वाचून बघा आणि तशीच लेन्स घालून परत जा. लेन्सवर बारीक खूण असते, मशीनखाली ती किती सरकली ते दिसतं, आणि एवढ्या वेळानंतर जेवढी सरकली असेल तेवढा ॲक्सिस बदलून लेन्स मागवता येते.