बोल्ड म्हणजे ब्रेव्ह नव्हे

जळगाव-धुळ्याकडे पोरांच्या हातात असतं तसलं कुठलंही इंग्रजीचं गाइड घ्या आणि समानार्थी शब्दांचं पान काढा. ब्रेव्ह, बोल्ड, करेजस, डेअरिंग, फिअरलेस, ऑडेशस असे सगळे एका ओळीत, मधे बरोबरची चिन्हं आणि पुढे एकच अर्थ: धाडसी. पोरं ती ओळ पाठ करतात आणि निबंधात, अर्जात, मुलाखतीत हाताला लागेल तो शब्द ठेवून देतात. त्यातही ब्रेव्ह आणि बोल्ड यांची अदलाबदल इतक्या वेळा तपासून लाल केली आहे, की हे एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

ब्रेव्ह सगळ्यांना येतो, त्यावर फार वेळ घालवत नाही. एवढंच ध्यानात ठेवा की या शब्दाला समोर काहीतरी भिण्यासारखं लागतं. दुखणं, इजा, मरण, मानहानी. ते अंगावर आलं आणि माणूस हटला नाही, तर तो ब्रेव्ह.

बोल्डला भीतीची गरज नाही. जो आपणहून पाऊल टाकतो, परवानगीची वाट पाहत नाही, कुणाला काय वाटेल म्हणून हात आखडत नाही आणि जे करतो ते ठळक करतो, तो बोल्ड. म्हणून अक्षर बोल्ड असतं, रंग बोल्ड असतो, दावा बोल्ड असतो, योजना बोल्ड असते. अक्षराला भीती कुठली?

रावेर-यावलकडचं उदाहरण घेऊ. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ येतं आणि काढणीला आलेली केळी आडवी होते. कर्ज डोक्यावर असताना ती बाग साफ करून जो पुन्हा लागवड करतो, तो शेतकरी ब्रेव्ह. शेजारच्याची बाग उभी आहे, भावही बरा मिळतोय, तरी तो सगळ्या गावाचं ऐकून घेत निम्म्या रानातली केळी काढतो आणि गावात कुणी न लावलेलं पीक लावतो. तो बोल्ड. पहिल्याला संकटानं विचारून गाठलं नव्हतं. दुसरा गप्प बसला असता तरी त्याचं चाललं असतं. माझी कसोटी हीच आहे: गप्प बसून चाललं असतं का? चाललं असतं आणि तरी माणूस उठला, तर आधी बोल्ड आठवा. गप्प बसायची सोयच नव्हती आणि माणूस टिकला, तर ब्रेव्ह. म्हणून कॅन्सरचे उपचार सोसणारी बाई ब्रेव्ह असते, तिला बोल्ड म्हणणं चूक आहे. इंजेक्शन घेताना न रडणारं पोरगंही ब्रेव्हच.

आपल्याच इतिहासात दोन्ही शब्द शेजारी शेजारी सापडतात. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारमध्ये शिरीषकुमार मेहता हा शाळकरी मुलगा झेंडा घेऊन मिरवणुकीत होता. पोलिसांनी गोळ्या झाडल्या, तो जागीच राहिला आणि हुतात्मा झाला. त्याच्यासोबत आणखी मुलंही गेली. बंदी मोडून मिरवणूक काढणं हे बोल्ड. बंदुका रोखलेल्या असताना झेंडा न सोडणं हे ब्रेव्ह. एकाच दिवशी, एकाच मुलाकडून दोन्ही घडलं, म्हणून शब्द एक होत नाहीत. निबंधात कुठल्या क्षणाबद्दल लिहिताय ते आधी ठरवा. आता 1944 चं चिमठाणं घ्या. क्रांतिकारकांनी शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ इंग्रजांचा खजिना लुटला. ती माणसं शूर होतीच, पण त्या कृतीला ब्रेव्ह लावलं की इंग्रजी वाचणाऱ्याला ते सैल वाटतं. आखलेला, अचानक घातलेला, समोरच्याला बेसावध पकडणारा घाव बोल्ड असतो. जिवाचा धोकाही होता, म्हणून डेअरिंग तर अगदी नेमका.

मुख्य खड्डा मात्र पुढे आहे. ब्रेव्ह हा बहुतेक वेळा कौतुकाचाच शब्द आहे. बोल्ड तसा नाही. त्याच्या पोटात ‘पायरी ओलांडली’ हा अर्थ बसलेला आहे. आयर्लंडमध्ये आई पोराला बोल्ड म्हणते तेव्हा ते पोर खोडकर, न ऐकणारं असतं. ‘ॲज बोल्ड ॲज ब्रास’ म्हणजे चक्क निलाजरा. बोल्ड क्लेम म्हटलं की ऐकणारा पुरावा मागायच्या तयारीत असतो. म्हणून नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम अ बोल्ड पर्सन’ लिहू नका. तुम्हाला म्हणायचं असतं की मी बुजत नाही, आणि वाचणाऱ्यापर्यंत पोचतं की हा जरा आगाऊ आहे. कॉन्फिडंट लिहा. त्याहून बरं म्हणजे केलेलं एखादं काम लिहा आणि विशेषण वाचणाऱ्याला शोधू द्या.

याच जागी माझा खरा राग आहे तो सिनेमाच्या बातम्यांवर. बोल्ड सीन, बोल्ड फोटो, बोल्ड अवतार असं लिहून लिहून त्यांनी मराठीत या शब्दाचा अर्थ कपड्यांपुरता आणून ठेवला. मग ग्रामसभेत उभी राहून पाण्याच्या टाकीचा हिशेब मागणाऱ्या मुलीला कुणी बोल्ड म्हणालं, की तिच्या घरचे अवघडतात. शब्द तिच्यासाठी अगदी योग्य होता! तो तिच्याकडून काढून घेतला गेला, हे मला फार लागतं. वर्गात मी हा शब्द मुद्दाम अशाच मुलींसाठी वापरतो.

बाकीचे पटकन. क्रिकेटमधलं ‘बोल्ड झाला’ हा वेगळाच शब्द, ‘बोल’ म्हणजे चेंडू टाकणं या क्रियापदावरून आलेला. मराठीत दोन्ही सारखे लिहितो इतकंच. डेअरिंग आपल्याकडे नाम झालंय, ‘त्याच्यात डेरिंग आहे’. इंग्रजीत ते बहुधा विशेषण म्हणून येतं आणि त्यात खरा धोका हवा. करेजस म्हणजे वजनदार ब्रेव्ह, तत्त्वासाठी दीर्घकाळ उभं राहणाऱ्याला शोभतो. अमळनेरला शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी 1947 मध्ये पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, तिथे करेजस लिहा. ऑडेशस हा बोल्डचा थोरला भाऊ, ऐकणाऱ्याला थक्क करणारा. फिअरलेस मला माणसांसाठी आवडत नाही. ज्याला भीतीच नाही त्यानं जिंकलं काय? भुसावळला सुटलेल्या गाडीचा दांडा पकडणारा यांपैकी कुणीच नाही, तो रेकलेस, म्हणजे बेपर्वा.

एक उपयोग मात्र ब्रेव्हला जमतो: तो ‘तोंड देणं’ या अर्थाचं क्रियापद होतो. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना कुणी मतदानाच्या रांगेत उभं राहिलं, तर ‘शी ब्रेव्हड् द हीट’. बोल्ड अशा अर्थानं क्रियापद होत नाही. आणि एक सावधगिरी. इंग्रज साहेब मीटिंगमध्ये तुमच्या प्रस्तावाला ‘दॅट्स अ ब्रेव्ह डिसिजन’ म्हणाला, तर बहुधा ती शाबासकी नसते. तुम्ही अडचणीत येणार असं त्याला दिसतंय आणि ते तो सभ्यपणे सांगतोय. अशा वेळी ‘थँक यू’ म्हणून बसू नका, धोका कुठे दिसतो ते तिथेच विचारा.