बर्क आणि हेअर कबरी उकरत नव्हते

इंग्लिशमध्ये 'टू बर्क' असं एक क्रियापद आहे, बर्क नावाच्या एका खुन्यावरून आलेलं, आता फारसं कोणी वापरत नाही. अर्थ म्हणजे अंगावर खुणा न ठेवता गुदमरवून मारणं, आणि पुढे त्यावरूनच एखादं प्रकरण गुपचूप दाबून टाकणं. पण बरेच जण सांगतात की याचा अर्थ थडग्यातून प्रेतं चोरणं, कारण बर्क आणि त्याचा साथीदार हेअर प्रेतचोर होते म्हणे. साफ चूक आहे हे!

स्कॉटलंडमधल्या एडिनबरात त्या काळी प्रेतं विकण्यासाठी कबरी उकरणारे होते, पण हे दोघं त्यातले नाहीत. १८२७ च्या शेवटी हेअरच्या लॉजमधला एक म्हातारा भाडेकरू आजारपणाने गेला, त्याचं प्रेत त्यांनी शरीररचना शिकवणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्सकडे डिसेक्शनसाठी, म्हणजे चिरफाड करून अभ्यासायला, ७ पौंड १० शिलिंगला विकलं, पैसा दिसला आणि मग १८२८ मध्ये १६ खून केले, बहुतेकांना दारू पाजून नाकतोंड दाबून. गरीब माणसं होती बिचारी, त्यांना चोरलेली प्रेतं म्हणणं म्हणजे त्यांचा खून झाला हेच पुसून टाकणं, मला ते फार खटकतं. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला, बर्कला २८ जानेवारी १८२९ ला फाशी झाली, आणि त्याच वर्षी हे क्रियापद लोकांच्या तोंडी आलं.