सर्दीचं पाणी मेंदूतून उतरतं का?

‘सर्दीत नाकातून वाहणारं पाणी मेंदूतलं असतं, ते वाहून गेलं की डोकं साफ होतं’ हा समज फार जुना. डोकं जड होणं आणि नाक गळणं एकदमच होतं, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे.

प्रत्यक्षात शेंबूड नाकाच्या आतलं अस्तरच तयार करतं. मेंदूभोवतीचं पाणी निराळं. ते एका वेळी साधारण १५० मिलिलिटर असतं, पण दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर तयार होतं. म्हणजे तेवढंच बाहेरही पडायला हवं. काही थेट शिरांतल्या रक्तात मिसळतं. काही मेंदूच्या आवरणातल्या लसीकावाहिन्यांतून, म्हणजे ऊतींतलं जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, मानेतल्या लसीकागाठींकडे जातं (या वाहिन्यांचं नीट वर्णन झालं २०१५ मध्ये, तेही आधी उंदरांत). थोडं नाकाच्या छताच्या सच्छिद्र हाडातून खालीही येतं, पण तिथल्या वाहिन्या ते शोषून घेतात. एरवी नाकपुडीतून ते गळत नाही.

पडताळायचं तर रुमाल बघा. शेंबूड वाळला की कापड कडक होतं, मेंदूतल्या पाण्याने होत नाही. ही खूण ढोबळच. खात्री प्रयोगशाळेत बीटा-२ ट्रान्सफेरिन (मेंदूभोवतीच्या पाण्यात असणारं, शेंबडात नसणारं प्रथिन) तपासून होते. डोक्याला मार लागल्यानंतर वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाणी ठिबकत असेल, तर मात्र ती सर्दी समजू नका, ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं; लगेच डॉक्टरांना दाखवा.