निवडचाचणीवरील रिअ‍ॅलिटी मालिका

सामान्य नागरिकांना सैन्याच्या विशेष दलांच्या निवडचाचणीतून, खरे तर तिच्या आटोपशीर नकलेतून, नेणारा दूरचित्रवाणी कार्यक्रमांचा प्रकार. बीबीसीने २००२ मध्येच असा प्रयोग केला होता. पण आजचा साचा रुळला तो ब्रिटनच्या चॅनल ४ वर २०१५ साली सुरू झालेल्या ‘एसएएस : हू डेअर्स विन्स’मुळे (एसएएस म्हणजे ब्रिटिश सैन्याचे एक विशेष दल). पहिल्या पर्वात ३० पुरुष होते आणि चित्रीकरण वेल्समधील ब्रेकन बीकन्सच्या डोंगरांत झाले. २०१९ च्या पर्वापासून स्त्रियाही आल्या. पुढे ऑस्ट्रेलियात (२०२०) आणि अमेरिकेत (२०२३) नामवंतांना घेऊन आवृत्त्या निघाल्या.

दाखल होताच फोन काढून घेतात. उमेदवाराला नाव उरत नाही, दंडपट्टीवरचा क्रमांक उरतो. प्रशिक्षक हे विशेष दलांतून निवृत्त झालेले सैनिक असतात. सोडून जायचे तर पट्टी उतरवून त्यांच्या हाती द्यायची. डॉक्टरही कोणालाही थांबवू शकतो. बक्षिसाची रक्कम नाही, एकच विजेता असावा असेही नाही.

थंड पाण्यातील कामगिरीत बहुतेकांची फजिती पहिल्या एक-दोन मिनिटांतच होते. गार पाणी अंगाला लागताच श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर नाकातोंडात पाणी जाते. हातपाय मारण्याची घाई न करता आधी लांब श्वास सोडणे हाच उपाय. धाप ओसरली की हालचाल जमू लागते. ‘चौकशी’त डोक्यावर पिशवी घालून अवघडलेल्या स्थितीत उभे करतात, कर्कश आवाज ऐकवतात आणि पढवलेली बनावट ओळख प्रश्नांच्या माऱ्यात टिकते का ते पाहतात. थकलेला माणूस फसतो तो बहुधा अनावश्यक तपशील जोडल्याने, कारण तो पुढच्या फेरीत तसाच आठवत नाही.

खऱ्या निवडीपासून हे कार्यक्रम सर्वात दूर जातात ते आरडाओरड्यात. ब्रिटिश निवडीचा डोंगराळ टप्पा सुमारे चार आठवड्यांचा, आणि पुढचे टप्पे धरून सारी प्रक्रिया काही महिन्यांची. त्यात पेन-इ-फान हे शिखर (८८६ मीटर) ओलांडणारी सुमारे २४ किलोमीटरची ‘फॅन डान्स’ आणि शेवटी जवळपास ६४ किलोमीटरची, वीसेक तासांची चाल असते. पाठीवर बर्गन, म्हणजे अवजड पाठपिशवी. नंतरच्या चालींत उमेदवार नकाशा-होकायंत्र घेऊन एकटा असतो. प्रशिक्षक ना धीर देतो ना दम. पुढचा ठिकाणा सांगून मोकळा होतो. धुक्यात नकाशा चुकलेला एकटा माणूस पडद्यावर फारसा रंगत नाही, म्हणून मालिकांत हा गाभाच आक्रसतो आणि आठ-दहा दिवसांत संघर्ष, उंची आणि पाणी ठासून भरले जाते.

तंदुरुस्त उमेदवारही पायांमुळे गारद होतात. धावण्याचा सराव ओझ्याला पुरत नाही; वजन आठवड्यागणिक थोडेथोडे वाढवावे लागते आणि बूट आधीच वापरून सैल झालेले हवेत. टाच चुरचुरू लागताच पट्टी लावावी, फोड आल्यावर उशीर झालेला असतो. सवयीबाहेरच्या शिक्षा-व्यायामाने स्नायूंच्या पेशी फुटून लघवी चहासारखी गडद होऊ शकते. तेव्हा व्यायाम तिथेच थांबवून रुग्णालय गाठावे लागते, नाहीतर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. उष्माघात याहून घातक, कारण नेटाने चालणारा स्वतःहून थांबत नाही. जुलै २०१३ मध्ये ब्रेकन बीकन्समधील खऱ्या निवडचाचणीत कडक उन्हातल्या चालीनंतर तीन राखीव सैनिक दगावले.